दातांवरील पांढरे डाग : कारणशोध व उपचार यांचा इतिहास

दातांवरील पांढरे डाग : दंतवल्कातील, म्हणजे दाताच्या शिखरावरील एनॅमलच्या कठीण आवरणातील, खनिजांचे प्रमाण काही जागी कमी राहिल्याने किंवा मागाहून कमी झाल्याने तेथे दिसणारे खडूसारखे अपारदर्शक ठिपके, रेषा वा चट्टे. तंबाखूची मिश्री, पान, चहा इत्यादींमुळे पडणारे डाग पृष्ठभागावर बसलेले असतात व ते दंतवैद्याकडून खरवडून काढता येतात. पांढरे डाग दंतवल्काच्या घडणीतच असल्यामुळे कितीही घासले तरी जात नाहीत. त्यांची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी पिण्याच्या पाण्यातील अतिरिक्त फ्ल्युओराइडामुळे उद्‌भवणारी विकृती ‘दंत फ्ल्युओरोसिस’ या नावाने ओळखली जाते. तिचे कारण शोधण्यास सुमारे तीस वर्षे लागली. डाग व्यक्तीच्या दातांवर दिसत असले, तरी त्यांचे मूळ सबंध गावाच्या पाण्यात असू शकते, हा त्या शोधाचा मुख्य निष्कर्ष होय.

स्वरूप : पूर्ण वाढ झालेल्या दंतवल्कात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. ते मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेट संयुगाच्या स्फटिकांचे बनलेले असते. निरोगी दंतवल्काचा प्रणमनांक सुमारे १·६२ असतो व त्यातून प्रकाश बऱ्याच अंशी आरपार जातो. खनिज कमी असलेल्या भागात सूक्ष्म छिद्रे राहतात व त्यांत पाणी (प्रणमनांक १·३३) किंवा हवा (१·००) भरलेली असते. प्रणमनांकांतील या फरकामुळे प्रकाश विखुरला जातो आणि तो भाग पांढरा दिसतो. दात कोरडा केल्यावर डाग अधिक ठळक होतो, याचे कारण छिद्रांतील पाण्याची जागा हवा घेते हे होय. फ्ल्युओरोसिसमधील तपकिरी रंग मात्र मागाहून येतो. दात हिरडीतून बाहेर पडतो तेव्हा डाग पांढराच असतो. पुढे अन्नपेयांतील रंगद्रव्ये सच्छिद्र भागात शिरून तो पिवळा वा तपकिरी होतो. विकृती तीव्र असल्यास दंतवल्क ठिसूळ होऊन त्याला खड्डे पडतात.

पूर्वीची निरीक्षणे : अमेरिकेच्या सागरी रुग्णालय सेवेतील वैद्य जे. एम. ईगर हे इटलीतील नेपल्स येथे स्थलांतरितांच्या तपासणीसाठी नेमलेले होते. त्या परिसरातील लोकांच्या दातांवरील काळपट चट्ट्यांचे वर्णन त्यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केले. हा प्रदेश ज्वालामुखीचा असल्यामुळे विकृतीचा संबंध जमिनीतून निघणारे वायू वा पाणी यांच्याशी लावला जात असे.

त्याच वर्षी फ्रेडरिक मॅके (१८७४–१९५९) या तरुण दंतवैद्याने कोलोरॅडो राज्यातील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे व्यवसाय सुरू केला. तेथे जन्मलेल्या अनेकांच्या दातांवर पांढरे व तपकिरी चट्टे होते आणि ते ‘कोलोरॅडोचे तपकिरी डाग’ म्हणून परिचित होते. दंतवैद्यकाच्या तत्कालीन ग्रंथांत त्यांचा उल्लेख नव्हता. डुकराच्या मांसाचे अतिसेवन, निकृष्ट दूध, चुनखडीयुक्त पाणी अशी निरनिराळी कारणे स्थानिक लोक सांगत. मॅके यांच्या आग्रहावरून त्या काळचे अग्रगण्य दंतवैज्ञानिक जी. व्ही. ब्लॅक (१८३६–१९१५) १९०९ मध्ये कोलोरॅडोत आले. शहरात जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या दातांवर डाग आहेत, असे पाहणीत आढळून आले.

ब्लॅक यांनी अशा दातांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. त्यांचे विवेचन त्यांच्या निधनानंतर १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांच्या संशोधनातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, हा विकास-काळातील दोष आहे. कायमचे दात निर्दोष उगवल्यानंतर त्या गावी राहावयास आलेल्यांना तो होत नाही. दुसरी गोष्ट अनपेक्षित होती : सदोष असूनही हे दात कीड लागण्यास प्रतिकार करीत. या दुसऱ्या निरीक्षणाचा उलगडा कारण सापडल्यानंतरच झाला.

पाण्याचा पुरावा : आयडाहो राज्यातील ओकली या गावी मॅके १९२३ मध्ये गेले. सुमारे आठ किमी. अंतरावरील एका उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले, असे तेथील पालकांनी सांगितले. पाण्याचे पृथक्करण केले असता त्यात संशयास्पद असे काहीच आढळले नाही. तरीही मॅके यांनी तो नळ बंद करून जवळच्या दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेण्याचा सल्ला दिला व गावाने तो मानला. पुढील काही वर्षांत लहान मुलांचे कायमचे दात डागांवाचून उगवू लागले. कारणद्रव्य अज्ञात असतानाच उपाय यशस्वी झाल्याचे हे उदाहरण आहे.

ॲल्युमिनियमचे खनिज काढणाऱ्या ‘ॲल्कोआ’ कंपनीने आर्कान्सॉ राज्यात वसविलेल्या बॉक्साइट या गावीही मुलांचे दात डागाळलेले होते, तर काही किमी. अंतरावरील गावातील मुलांचे निर्दोष होते. मॅके आणि अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील ग्रोव्हर केम्फ यांनी या पाहणीचे प्रतिवेदन १९३० मध्ये प्रसिद्ध केले. ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजविलेले अन्न विषारी असते, असा प्रचार त्या वेळी चालू होता. त्यामुळे कंपनीचे प्रमुख रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी या पाण्याची वर्णपटीय पद्धतीने नव्याने तपासणी केली. पाण्यात दशलक्ष भागांत १३·७ भाग (दर लिटरमागे सु. १३·७ मिग्रॅ.) इतके फ्ल्युओराइड आढळले. नेहमीच्या पृथक्करणात फ्ल्युओराइड शोधण्याची प्रथाच नसल्यामुळे ते तोवर दृष्टिआड राहिले होते. चर्चिल यांनी जानेवारी १९३१ मध्ये मॅके यांना पत्र लिहून डागांच्या इतर गावांतील पाण्याचे नमुने मागविले. त्यांतही फ्ल्युओराइडाचे प्रमाण जास्त निघाले.

याच वर्षी ॲरिझोना विद्यापीठातील मार्गारेट कॅमॅक स्मिथ, एडवर्ड लँट्झ व एच. व्ही. स्मिथ यांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. सेंट डेव्हिड या गावातील पाण्याचा अभ्यास करून त्यांनी उंदरांना फ्ल्युओराइड दिले व त्यांच्या दातांत तशीच विकृती निर्माण करून दाखविली. उत्तर आफ्रिकेतील फॉस्फेटयुक्त प्रदेशांतील मेंढ्यांच्या दंतविकाराचा संबंधही व्हेलू यांनी याच सुमारास फ्ल्युओराइडाशी जोडला.

मात्रेचा प्रश्न : कारण निश्चित झाल्यावर किती फ्ल्युओराइड अपायकारक, हा प्रश्न पुढे आला. सार्वजनिक आरोग्य सेवेतील एच. ट्रेंडली डीन (१८९३–१९६२) यांच्याकडे १९३१ मध्ये हे काम सोपविण्यात आले. पाण्यातील फ्ल्युओराइडाचे सूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धत इलायस एल्‌व्होव्ह यांनी सिद्ध केली. डागांच्या तीव्रतेनुसार दातांचे वर्गीकरण करणारा निर्देशांक डीन यांनी १९३४ मध्ये मांडला व १९४२ मध्ये सुधारला. १२ ते १४ वर्षे वयाच्या ७,२५७ मुलांची २१ शहरांतील पाहणीही १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली. पाण्यात दशलक्ष भागांत सुमारे १ भाग फ्ल्युओराइड असता दंतक्षय पुष्कळच कमी असतो व डाग बहुधा अतिसौम्य असतात, असे तीवरून दिसून आले. मॅके व ब्लॅक यांच्या दुसऱ्या निरीक्षणाचा उलगडा असा झाला. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे २५ जानेवारी १९४५ रोजी नळाच्या पाण्यात फ्ल्युओराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. अमेरिकेत १९६२ पासून हवामानानुसार लिटरमागे ०·७ ते १·२ मिग्रॅ. ही मात्रा शिफारशीत होती. टूथपेस्टादी इतर मार्गांनीही फ्ल्युओराइड मिळू लागल्यामुळे २०१५ मध्ये ती ०·७ मिग्रॅ. करण्यात आली.

हितकारक व अपायकारक मात्रांमधील अंतर अल्प आहे. उष्ण प्रदेशात, विशेषतः उन्हात कष्ट करणाऱ्यांकडून, पाणी अधिक प्यायले जाते; त्यामुळे तेथे तेच प्रमाण अधिक अपाय करते. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १·५ मिग्रॅ. ही मर्यादा सुचविली आहे. भारतीय मानकानुसार १·० मिग्रॅ. पर्यंतचे प्रमाण स्वीकार्य असून दुसरा उद्‌गम उपलब्ध नसल्यास १·५ मिग्रॅ. पर्यंत सवलत आहे.

भारत : भारतात या प्रश्नाने अधिक गंभीर रूप घेतले. तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात दातांच्या डागांबरोबरच पाठीचा कणा व सांधे ताठ झालेले रुग्ण आढळत. ही विकृती फ्ल्युओराइडजन्य असल्याचे एच. ई. शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले. हाडांच्या फ्ल्युओरोसिसचे हे भारतातील आरंभीचे वर्णन होय. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णम्माचारी व कृष्णस्वामी यांनी १९७३ मध्ये फ्ल्युओरोसिसग्रस्त भागातील मुलांच्या गुडघे आत वळण्याच्या विकृतीचे वर्णन केले. अशा प्रदेशात मुलांचे डागाळलेले दात ही पुढील आपत्तीची पहिली दृश्य सूचना ठरते.

ग्रॅनाइटासारख्या कठीण खडकांतील फ्ल्युओराइट, ॲपेटाइट, अभ्रक इ. खनिजांच्या दीर्घ सान्निध्याने भूजलात फ्ल्युओराइड विरघळते. पाण्यात कॅल्शियम कमी व बायकार्बोनेट जास्त असल्यास ते अधिक प्रमाणात उतरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अवर्षण व दूषित विहिरी यांवर उपाय म्हणून खेडोपाडी खोल विंधनविहिरी घेण्यात आल्या. त्यांचे पाणी रोगजंतूंच्या दृष्टीने सुरक्षित असले, तरी अनेक ठिकाणी फ्ल्युओराइडयुक्त निघाले. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इ. जिल्ह्यांच्या काही भागांत हा प्रश्न आढळतो. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘नलगोंडा पद्धत’ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पाण्यात चुना, तुरटी व विरंजक चूर्ण मिसळून ढवळतात. तयार होणाऱ्या पुंजक्यांबरोबर फ्ल्युओराइड तळाशी बसते व वरचे पाणी गाळून घेतात. ही पद्धत स्वस्त आहे, तथापि तुरटीची मात्रा नेमकी ठेवणे व साठलेल्या गाळाची विल्हेवाट लावणे यांकडे सतत लक्ष द्यावे लागते. म्हणून शक्य तेथे नदीचे वा जलाशयाचे पाणी पुरविणे अधिक श्रेयस्कर समजले जाते. केंद्र शासनाचा फ्ल्युओरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला.

कारणभेद : प्रत्येक पांढरा डाग फ्ल्युओराइडाचाच असतो असे नाही. फ्ल्युओरोसिसचे डाग उजव्या व डाव्या बाजूंच्या सारख्याच दातांवर जोडीने असतात, आडव्या रेषांत पसरतात व त्यांच्या कडा अस्पष्ट असतात. एकाच दातावर ठळक कडांचा डाग असल्यास त्या जागच्या दुधाच्या दाताला झालेली इजा वा पू हे कारण संभवते. अशा दातांचे वर्णन जे. जी. टर्नर यांनी १९१२ मध्ये केले. पहिल्या कायमच्या दाढा व पुढचे दात यांतच आढळणाऱ्या एका खनिजन्यूनतेला २००१ मध्ये स्वतंत्र नाव देण्यात आले. हिरडीलगत, तसेच दात सरळ करण्यासाठी लावलेल्या तारांच्या पट्ट्यांभोवती दिसणारा निस्तेज पांढरा डाग ही बहुधा दंतक्षयाची सुरुवात असते. हा डाग मागाहून झालेला असल्याने वेळीच स्वच्छता राखून, साखर कमी करून व फ्ल्युओराइडयुक्त टूथपेस्ट वापरून थोपविता येतो. एका प्रकारच्या डागाचे कारण असलेले द्रव्य दुसऱ्या प्रकारच्या डागावर औषध ठरते. यामुळे उपचारापूर्वी निदान अत्यावश्यक असते.

उपचार : फ्ल्युओरोसिसचे डाग घालविण्याचे प्रयत्न कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथेच सुरू झाले. तेथील दंतवैद्य वॉल्टर केन यांनी १९१६ मध्ये हायड्रोक्लोरिक अम्ल व उष्णता वापरून तपकिरी डाग काढले. क्रोल व कॅव्हानॉ यांनी १९८६ मध्ये १८ टक्के हायड्रोक्लोरिक अम्ल व प्युमीस दगडाची पूड यांनी दंतवल्काचा अत्यंत पातळ थर झिजविण्याची पद्धत मांडली. हेवूड व हेमन यांनी १९८९ मध्ये कार्बामाइड पेरॉक्साइडाने रात्रभर विरंजन करण्याची रीत वर्णिली. विरंजनाने तपकिरी छटा फिकी होते. पांढरा डाग नाहीसा होत नाही, भोवतालचा दात उजळल्यामुळे तो कमी उठून दिसतो इतकेच. बर्लिन येथे मायर-ल्यूकेल व पारिस यांनी विकसित केलेली रेझीन-अंतर्भरण पद्धत २००९ पासून व्यवहारात आली. तीत डागाच्या छिद्रांत पातळ रेझीन मुरवितात. त्याचा प्रणमनांक दंतवल्काच्या जवळपास असल्यामुळे पांढरेपणा लोपतो. दंतवल्काला खड्डे पडले असल्यास रेझिनाचे भरण वा चिनी मातीचे पातळ कवच बसवावे लागते. अम्लयुक्त उपचार तज्ञाकडूनच करून घ्यावे लागतात. लिंबू, कोळसा वा राख घरी घासल्याने डाग जात नाहीत व दंतवल्क मात्र झिजते.

प्रतिबंध : वरील सर्व उपचार दाताचे रूप सुधारतात, दंतवल्काची मूळ घडण त्यांनी पालटत नाही व हाडांत साठलेल्या फ्ल्युओराइडावर त्यांचा परिणाम होत नाही. पुढच्या कायमच्या दातांच्या दृष्टीने वयाची पहिली तीन वर्षे विशेष महत्त्वाची असतात. अक्कलदाढा सोडून इतर दातांच्या शिखरांची घडण सुमारे आठव्या वर्षापर्यंत चालते. या काळात कमी फ्ल्युओराइडाचे पाणी मिळणे व टूथपेस्ट गिळली न जाणे हे उपाय परिणामकारक ठरतात. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी व तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी असते. कायमचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी उगवतात, म्हणजे डाग दिसतो तेव्हा त्याला कारण झालेले पाणी पिऊन काही वर्षे लोटलेली असतात. त्या मुलाच्या बाबतीत ती हानी टळत नाही. परंतु गावातील धाकट्या भावंडांसाठी पाण्याचा उद्‌गम बदलण्यास तोच डाग पुरेसा पुरावा ठरू शकतो, हे ओकलीच्या अनुभवावरून सिद्ध झाले आहे.