सादळलेली नको, वाळलेली नको

हवाना, मार्च १८६६. इंदुस्त्रिया रस्त्यावरच्या पार्तागास कारखान्यात तुम्ही शिरता. दालनात बाकांच्या रांगा आहेत, त्यांवर सिगार वळणारे कारागीर बसलेत, आणि बोलतोय फक्त एक माणूस. उंच जागी बसून तो मोठ्यानं वाचतोय. त्याची मजुरी कारागीर स्वतःच्या कमाईतून भरतात. असं पहिलं वाचन गेल्या डिसेंबरात एल फिगारो कारखान्यात झालं. येत्या मे महिन्यात सरकार त्यावर बंदी घालणार आहे, हे या दालनात एकट्या तुम्हालाच ठाऊक आहे.

तो काय वाचतोय ते कळलं नाही तरी चालेल. तुम्ही हातांकडे बघा. सिगारचं सर्वांत वरचं पान, इथल्या बोलीत ‘कापा’, बाकावर येण्याआधी पाणी शिंपडून मऊ केलेलं असतं. कोरडं पान वळायला घेतलं तर हातात चुराच उरेल. कारागीर अर्धचंद्राकृती पात्यानं ते कापतो, तळहातानं आतल्या पानांभोवती फिरवतो, आणि एक सिगार तयार होते. ती उचलून अंगठ्यानं हलकेच दाबा. लुसलुशीत लागते ना? अजून ती विकायच्या लायकीची नाही. तिच्यात पाणी जास्त आहे.

म्हणून तिला पलीकडच्या लाकडी कपाटात विसाव्याला ठेवतात. सिगारच्या पेटीत दमट कापूस किंवा स्पंज ठेवायचा, एवढंच तुम्ही आजवर ऐकलं होतं. इथं पाहा, लाकडाचं पहिलं काम सिगारमधलं जास्तीचं पाणी काढून घेणं हे आहे. या लाकडाला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण ते मूळचं स्पेनचं नाही आणि देवदाराच्या कुळातलंही नाही. ते महोगनीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या कडुनिंबाचंच भाऊबंद. हवा ओली झाली की ते ओल पितं, हवा कोरडी पडली की तीच परत सोडतं. कपाटाचं दार उघडून नाक आत घाला. गोडसर, मिरमिरीत वास. हा वास मला फार प्रिय आहे, आणि तो घेण्यासाठी सिगार पेटवावी लागत नाही. पेटवली तर ती शरीराला अपाय करतेच. जतन करण्याची कला मात्र शिकण्याजोगी आहे.

आता अंगात जाड कोट चढवा. वॉशिंग्टन, फेब्रुवारी १९६२. राष्ट्राध्यक्ष केनेडींचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांनी काल संध्याकाळपासून शहरातली तंबाखूची दुकानं पालथी घातलीत. साहेबांना सकाळपर्यंत हजारभर छोट्या ‘उपमन’ या क्यूबन सिगार हव्या होत्या. सॅलिंजर बाराशे घेऊन आले. आकडा ऐकून केनेडींनी खणातून कागद काढला आणि क्यूबाच्या मालावरच्या बंदीवर सही केली. ही हकीकत सॅलिंजर यांनीच पुढे सांगितली.

माझा जीव मात्र त्या बाराशे सिगारींत अडकतो. बाहेर थंडी आहे आणि खोल्या तापवलेल्या आहेत. थंड हवेत बाष्प थोडंच मावतं. तीच हवा तापवली की तिची पाणी सामावण्याची ताकद वाढते, पाणी मात्र तेवढंच राहतं. मग ती भुकेली हवा ओठांतून, लाकडातून आणि तंबाखूच्या पानांतून पाणी ओढते. हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी ६५ ते ७० टक्के बाष्प हवेत असणं सिगारला मानवतं. अशी तापवलेली खोली सहज त्याच्या खाली घसरते. सिगार टेबलावर उघडी राहिली की वरचं पान आधी आकसतं आणि चिरतं. घाबरून तिला एकदम दमट जागी ठेवलं तर आतली पानं फुगतात आणि वरचं पान आणखी फाटतं. वाळलेली सिगार सुधारायची तर काही आठवडे लावून, हळूहळू.

परत या. मुंबई, जुलै, तुमचं घर. पापड सादळलेत, मीठ पाणावलंय. इथं पेटीत आणखी पाणी घातलं की बुरशी आलीच. नागपूरच्या मे महिन्यात नेमकं उलटं: तिथं नवी पेटी वापरण्याआधी डिस्टिल्ड पाण्याची वाटी आत ठेवून झाकण काही दिवस बंद ठेवावं लागतं, नाहीतर तहानलेलं लाकूड आधी सिगारचंच पाणी पिऊन टाकेल. नळाचं पाणी नको. त्यातले क्षार स्पंजात साठून राहतात. फ्रिजही नको, तो कोरडा करतो आणि कालच्या भाजीचा वास लावतो. मुंबईत मला खरी धास्ती उकाड्याची वाटते. पारा २४ अंशांच्या पुढे गेला की तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी पानांतच उबू शकतात, आणि मग सिगारला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसतात. पेटी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा.

पेटीसोबत आर्द्रतामापक आलाय. त्याच्यावर इतक्यात विश्वास टाकू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून जाता कामा नये. झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, मग मुंबई असो की नागपूर. दुकानात मिळणारी आर्द्रतेची तयार पाकिटंही याच तत्त्वावर चालतात.

सकाळी पिशवीतून बघा. काटा ७० वर आहे. चिठ्ठीवर ‘अधिक पाच’ लिहा, मापकाच्या पाठीला चिकटवा, तो पेटीत ठेवा आणि झाकण लावा. आता चार दिवस ते उघडू नका.