दांतवणापासून विजेच्या ब्रशापर्यंत

दांत घासणें हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असें आपणांपैकीं कोणी मनांत म्हणेल. मलाहि परवांपर्यंत तसेंच वाटत होतें. पण भंडाऱ्यास राहणाऱ्या माझ्या एका वृद्ध स्नेह्यांना गेल्या वर्षीं अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. हे गृहस्थ जन्मभर शाळेंत शिकवीत आले आणि जन्मभर कडुनिंबाच्या काडीनें दांत घासीत आले. आतां काडी हातांत ठरत नाहीं, आणि आपलें तोंड दुसऱ्याच्या हातीं द्यावें हें त्यांना मानवत नाहीं. त्यांची मुलगी पुण्यास असते. तिनें मला विचारलें, "काका, बाबांसाठीं तो विजेचा 'स्मार्ट' ब्रश घेऊं का? कांहीं हजार रुपये पडतात. पैशाचें एक असो, पण कपाटांत पडून राहायचा असेल तर कशाला?" प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र चटकन् देतां येईना. तें शोधतां शोधतां मी थेट सुश्रुतापर्यंत मागें गेलों. तोच प्रवास आज आपणांपुढें मांडतों.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, चोविसाव्या अध्यायांत, दिनचर्येचा आरंभच दांत घासण्यापासून केला आहे. काडी बारा अंगुळें लांब, करंगळीएवढी जाड, सरळ, ताजी, गांठ व छिद्र नसलेली अशी असावी. कडू झाडांत निंब श्रेष्ठ, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज. भंडारा जिल्ह्यांतल्या माणसाला हीं नांवें पोथींतलीं वाटत नाहींत. हीं झाडें त्याच्या बांधावर आणि रानांत उभीं आहेत. पण झाडांच्या नांवांपेक्षां पुढची सूचना अधिक मोलाची आहे. काडीच्या मऊ कुंच्यानें एकेक दांत निरनिराळा घासावा, आणि तो घासतांना हिरडीला इजा होऊं देऊं नये. शिवाय काडी कोणीं वापरूं नये याचीहि यादी ग्रंथकारानें दिली आहे. तींत अशक्त मनुष्य आहे, आणि वातानें तोंड वांकडें झालेला अर्दिताचा रोगीहि आहे. म्हणजे एकही दांत सुटूं नये, हिरडी दुखावूं नये, आणि साधन वापरणाराच्या शक्तीला झेपावें. या तीन सूत्रांवर पुढचा सारा इतिहास तोलून पाहतां येतो.

केसांचा ब्रश हा मूळचा चिनी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्यें हाडाच्या किंवा बांबूच्या दांड्यांत डुकराचे राठ केस बसवून तो करीत. इंग्लंडांत १७८० च्या सुमारास विल्यम ॲडिस यानें त्याचा धंदा उभारला. असा ब्रश आपल्याकडील सोवळ्या घरांत शिरावा कसा? हाड आणि डुकराचे केस, आणि तेही सकाळच्या पहिल्या प्रहरीं तोंडांत! पितळी तांब्यांत पाणी घेऊन ओट्यावर बसलेला मनुष्य सावकाश काडी चघळी, आणि ज्याला काडी मिळत नसे तो राखुंडी, मीठ किंवा कोळशाची पूड बोटानें लावी. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉनच्या तंतूंचा ब्रश विक्रीस आला. पुढें दांडाहि प्लॅस्टिकचा झाला, आणि विटाळाची ती अडचण उरली नाहीं. काडीकडून ब्रशाकडे जाण्याच्या या काळांत आपल्या विदर्भाचाहि एक वांटा आहे. नागपुराहून मुंबईस गेलेले केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं 'विको' हा उद्योग सुरू केला, आणि त्यांचें पहिलें प्रसिद्ध उत्पादन म्हणजे वनस्पतींचें दंतमंजन, वज्रदंती. काडीच्या झाडांवरचा जुना विश्वास आतां डबींतून घरोघर जाऊं लागला.

जुनें तेवढें सोनें, असें मात्र मी म्हणणार नाहीं. खरखरीत राखेनें दांतांचें कवच झिजतें. बोट दोन दांतांच्या फटींत पोहोंचत नाहीं. काडी जोरानें फिरविली तर हिरडी सोलवटते. आणि दांत किडूं नयेत म्हणून जें फ्लोराइड आज उपयोगी ठरलें आहे, तें काडींत किंवा राखुंडींत मिळत नाहीं. महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत तर तंबाखू जाळून केलेली मिशरी दांतांना लावण्याची चाल पडली. दांत स्वच्छ करण्याच्या निमित्तानें व्यसन घरांत आलें.

आतां विजेच्या ब्रशाकडे वळूं. तो १९५४ सालीं स्वित्झर्लंडमध्यें डॉक्टर फिलिप गी वूग यांनीं तयार केला. नांव 'ब्रॉक्सोडेंट'. तो भिंतींतल्या विजेवर चाले. येथें इतिहासांतली एक गोष्ट आपण सर्वांनीं लक्षांत ठेवावी अशी आहे. हें यंत्र आळशी माणसासाठीं किंवा हौसेखातर निघालें नव्हतें. ज्यांचे हात नीट चालत नाहींत असे रोगी, आणि ज्यांच्या दांतांना तारा बसविल्या आहेत अशीं माणसें, यांच्यासाठीं तें निघालें. १९६० सालीं तो अमेरिकेंत विकूं लागले. दुसऱ्याच वर्षीं बिनतारी, भरून ठेवलेल्या विजेवर चालणारा ब्रश निघाला. १९९२ सालीं अतिवेगानें कंप पावणारा 'सॉनिकेअर' आला. 'ओरल-बी' आणि नवी 'कोलिब्री' या कंपन्यांनीं २०१४ सालीं मोबाइलशीं जोडलेले ब्रश पुढें आणले. रोग्याचें साधन हळूहळू सर्वांच्या हौसेची वस्तु झाली.

हा 'स्मार्ट' ब्रश करतो तरी काय? दोन मिनिटें मोजतो. तोंडाचे चार भाग कल्पून दर तीस सेकंदांनीं जागा बदलण्याची खूण देतो. हिरडीवर जोर पडला कीं इशारा देतो. आणि कोणता कोपरा राहून गेला तें मोबाइलच्या पडद्यावर दाखवितो. आपल्या लक्षांत आलेंच असेल: एकेक दांत घासावा आणि हिरडीला इजा करूं नये, हीच सुश्रुताची सूचना येथें यंत्राच्या तोंडून ऐकूं येते. ओट्यावर बसून काडी चघळणाऱ्याला वेळ आणि लक्ष हीं फुकट मिळत होतीं. तीं आतां आपण विकत घेतों, एवढाच फरक.

त्या किंमतींत पदरांत काय पडतें? कॉक्रेन या संस्थेनें २०१४ सालीं ५६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. हाताच्या ब्रशापेक्षां विजेच्या ब्रशानें दांतांवरचा थर तीन महिन्यांहून अधिक काळांत २१ टक्के कमी झाला, आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी झाली. लाभ आहे, पण तो दांत दीर्घकाळ टिकण्यांत कितपत उतरतो हें त्या आढाव्यानें सिद्ध केलेलें नाहीं. आणि हा लाभ विजेनें फिरणाऱ्या ब्रशाचा आहे. मोबाइलच्या पडद्याचा नव्हे. खर्चाची बाजूहि पाहावी. ब्रशाचें डोकें सुमारें तीन महिन्यांनीं बदलावें लागतें, आणि तें बहुधा त्याच जातीचें लागतें. आंतली बॅटरी थकली कीं बहुतेक ब्रश घरीं दुरुस्त होत नाहींत.

म्हणून माझें उत्तर हाताकडे पाहून ठरतें. ज्याचा हात धड आहे, जो फ्लोराइडची पेस्ट घेऊन दिवसांतून दोनदां, दोन मिनिटें, साध्या मऊ ब्रशानें मन लावून घासतो, त्यानें हे हजारों रुपये दांतांच्या डॉक्टरांकडे जाण्यासाठीं राखून ठेवावे. आणि भंडारा, नागपूर, चंद्रपूर या भागांत आणखी एक गोष्ट बोललीच पाहिजे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा जो गालांत धरतो, त्याला कोणताच ब्रश वांचवूं शकत नाहीं. तोंडाची आंतली त्वचा आंखडत जाते, जबडा उघडेनासा होतो, आणि शेवटीं ब्रश शिरावा एवढीहि वाट उरत नाहीं. राज्यांत गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर घोटला जातोच. अशा घरानें ब्रशाची चौकशी नंतर करावी, खर्रा आधीं सोडवावा.

पण माझ्या स्नेह्यांची गोष्ट वेगळी. अर्धांगाच्या रोग्याच्या लुळ्या गालांत अन्नाचे कण साठून राहतात. गिळतांना ठसका लागून तोंडांतले जंतू फुप्फुसांत उतरले तर न्युमोनियाहि होऊं शकतो. त्यांच्यासाठीं स्वच्छ तोंड ही हौस नव्हे. ज्या हातासाठीं १९५४ सालीं हें यंत्र निघालें, तोच हा हात. मुलीला मीं कळविलें, "ब्रश अवश्य घे. दांडा जाड असावा, दोन मिनिटांची खूण आणि जोराचा इशारा असावा. मोबाइलची जोड नसली तरी चालेल."

ब्रश आला. पहिल्या दिवशीं तोंडाबाहेरच सुरू झाल्यामुळें पेस्टचे शिंतोडे आरशावर उडाले आणि घरांत हंशा पिकला. आठवड्याभरानें मी गेलों तेव्हां ते डाव्या हातानें, कोणाची मदत न घेतां, दांत घासीत होते. मोबाइलवर रोजचे गुण दाखविणारेहि ब्रश मिळतात, असें मीं सांगितलें. चूळ भरून ते म्हणाले, "चाळीस वर्षें दुसऱ्यांना गुण दिले. आतां मला गुण देणारा मास्तर नको. हात चालला, एवढें पुरे."