वर्गणीची फौज

आमच्या फुलचूरकडे पावसाळ्यात एखाद्या बोडीची पाळ फुटली, की मातीचे टोपले उचलण्याआधी वाद उचलला जातो. ज्याची बांधी पाळीला लागून, तो ओरडतो. ज्याची लांब, तो विडी ओढत बसतो. दोघांनी सारखीच माती का टाकावी?

वर्गात युरोपचा नकाशा टांगला, तेव्हा मला हाच वाद आठवला. १९४९ साली बारा राष्ट्रांनी नाटो नावाचा करार केला. आज त्यांत ३२ राष्ट्रे आहेत. एकावरील हल्ला तो सर्वांवरील, हे मान्य झाले. अडले ते खर्चापाशी. देशातील एकूण उत्पादनाच्या शंभर रुपयांतले दोन संरक्षणाला काढावेत, असे २०१४ मध्ये ठरले, तरी पुष्कळांनी हात आखडताच ठेवला. २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठी चढाई केली आणि शेजारच्या पोलंडने कुणी न सांगता थैली सोडली. २०२५ मध्ये हेगच्या बैठकीत २०३५ पर्यंत पाच रुपयांचा आकडा ठरला, तर स्पेनने मान हलवली. पाळीपासून लांबची बांधी!

"गुरुजी, आपल्याकडे असं झालं होतं का?" एका मुलाने विचारले.

झाले होते, आणि आपल्याच भोसल्यांच्या राज्यात झाले होते. १८०३ साली दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले इंग्रजांविरुद्ध एकत्र उभे राहिले. यशवंतराव होळकर बाजूला राहिले. शिंद्यांशी त्यांचे हाडवैर होते, हे खरे. परंतु पुढच्याच वर्षी त्यांना एकट्याने लढावे लागले. इकडे सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड, असे एकामागून एक हातचे गेले आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक, बालासोर आणि वर्धेपलीकडचा वऱ्हाड कंपनीला व तिच्या मित्रांना द्यावा लागला.

राज्य लहान झाले, खर्च तेवढाच राहिला. तो उरलेल्या खेड्यांवर पडला. नवे कर बसले, सारा वाढला, शिपायांचे पगार थकले आणि थकलेले शिपाई रयतेलाच लुटू लागले. रघूजींना लोक 'बडा बनिया' म्हणू लागले. पण या बनियाने एक सौदा जन्मभर नाकारला, तो म्हणजे कंपनीची तैनाती फौज. १८०९ मध्ये अमीरखान चालून आला, तेव्हा कंपनीने आपण होऊन मदतीला सैन्य पाठवले. तरी त्यांनी तैनातीच्या कागदावर सही केली नाही. त्यांचा हिशेब मला कंजूषपणाचा वाटत नाही.

मार्च १८१६ मध्ये ते वारले. मुलगा परसोजी दुबळा. कारभार आपल्याकडे राहावा म्हणून पुतण्या अप्पासाहेबांनी २७ मे १८१६ रोजी सही केली. वर्षाला साडेसात लाख रुपये द्यायचे आणि कंपनीची फौज राज्याच्या रक्षणासाठी ठेवून घ्यायची. पैसा भोसल्यांचा, हुकूम कंपनीचा. दीड वर्षाने, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर तीच फौज अप्पासाहेबांच्या सैन्याशी लढली आणि जिंकली. आपल्या पराभवाची वर्गणी आगाऊ भरणारा राजा मला दुसरा आठवत नाही.

१८१८ मध्ये अप्पासाहेब पदच्युत झाले. त्यांच्या बाजूने आमच्याच भागात कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल उठला. (हे गोंदियाजवळचे कामठा, नागपूरजवळची कामठी वेगळी. परीक्षेत निम्मी मुले इथे चुकतात.) कंपनीच्या फौजेने कामठा घेतले, पटेल कैद झाला. त्याच्या मदतीला कोणता शेजारी धावला, असे मुलांनी विचारले. मी नकाशा गुंडाळत होतो, गुंडाळतच राहिलो.

त्या तैनाती फौजेसाठी १८२१ मध्ये कामठीला छावणी वसवण्यात आली. भोसले पैसे भरत राहिले. १८२९ पासून वर्षाला आठ लाख. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. छावणी अजून आहे. नागपूरहून मोटारीने परतताना मुलांना मी ती दाखवतो.