ठिणगी विझवण्याची विद्या

एका सेकंदात दहा लाख आवर्तने पुरी करणारा वीजप्रवाह आणायचा कुठून? १८८० च्या दशकातल्या एखाद्या अभियंत्याला हे विचारले असते तर त्याने विचारणाऱ्याच्या डोक्यावर संशय घेतला असता. तेव्हाची जनित्रे सेकंदाला फार तर शंभर-सव्वाशे आवर्तने देत. निकोला टेस्लाने १८९० च्या सुमारास ३८४ ध्रुवांचे खास जनित्र बांधले, तेव्हा कुठे मजल दहा हजारांच्या आसपास गेली. त्यापुढे चाक आणखी जोरात फिरवावे तर ते फुटायची भीती. तरीही बिनतारी संदेशवहनाची पहिली पंचवीस वर्षे बरीचशी लाखांच्या घरातल्या वारंवारतेवर चालली. ती निर्माण करणारे साधन दिसायला अगदी साधे होते: धातूचे दोन गोळे आणि त्यांच्यामधली बोटभर हवेची फट, म्हणजे स्पार्क गॅप.

या फटीत उडणाऱ्या ठिणगीला स्वतःची अशी वारंवारता नसते. वारंवारता ठरते ती तिला जोडलेल्या मंडलात. आतून-बाहेरून धातूचा वर्ख लावलेल्या काचेच्या बरणीत, म्हणजे लेडन जारमध्ये, विद्युतभार साठवता येतो. ही बरणी तारेच्या वेटोळ्याला जोडली आणि वाटेत एक फट ठेवली, तर दाब वाढत जाऊन एका क्षणी फटीतली हवा हार खाते. ती वाहक बनते आणि साठलेला भार वेटोळ्यातून धावत सुटतो. बरणी रिकामी झाली तरी तो थांबत नाही. वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र त्याला पुढे रेटते, बरणी उलट बाजूने भरते, मग भार मागे फिरतो. असे हेलकावे लहान होत होत संपतात. एका हेलकाव्याला किती वेळ लागणार हे बरणीची धारकता आणि वेटोळ्याचा आकार यांवर ठरते. दोन्ही लहान असतील तर हेलकावे झटपट होतात. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, १८५३ साली हे गणिताने दाखवले. काही वर्षांतच बेरेंड फेडरसनने लायपझिगमध्ये फिरत्या आरशात ठिणगीचे प्रतिबिंब लांबवून पाहिले, तेव्हा डोळ्यांना एकसंध वाटणाऱ्या ठिणगीत उजेडाचे आणि अंधाराचे पट्टे ओळीने उमटले.

ठिणगीचे काम, थोडक्यात, कळ दाबण्याचे. मात्र ही कळ सेकंदाच्या अब्जांशात बंद होत असे, आणि तितकी चपळ कळ तेव्हाच्या कुठल्याही कारखान्यात घडवता आली नसती. ती पुन्हा तितक्याच चपळाईने उघडायची कशी, हा खरा पेच. ठिणगीच्या ट्रान्समीटरचा सारा इतिहास या पेचाभोवती फिरतो.

कार्ल्सरुहे इथे १८८६ ते १८८८ या काळात प्रयोग करणाऱ्या हाइनरिख हर्ट्झला तो अजून पडला नव्हता. त्याने तांब्याच्या तारेच्या दोन टोकांना ३० सेंटिमीटर व्यासाचे जस्ताचे गोळे बसवले, तार मधोमध तोडून तिथे सेंटिमीटरभराहून कमी फट ठेवली आणि इंडक्शन कॉइलने तिला उच्च दाबाची वीज दिली. इथे वेगळी बरणी नाही की वेटोळे नाही. गोळे आणि तार हेच मंडल, म्हणून वारंवारता कोटींच्या घरात गेली. फटीच्या टोकांशी असलेल्या छोट्या गोळ्यांना झिलई नसेल तर ठिणगी उडूनही तिच्यामुळे निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी क्षीण पडतात, हे त्याच्या लक्षात आले. त्यामुळे ते पुन्हा पुन्हा घासून चकचकीत करावे लागत. या लहरी पकडण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या ग्राहक तारेतली बारीक ठिणगी मुख्य ठिणगीच्या उजेडात अधिक सहज उडते, हेही त्याने १८८७ साली टिपले. प्रकाशविद्युत परिणामाची ती पहिली नोंद ठरली.

हर्ट्झनंतर काही जणांनी उपकरण लहान करत नेले. बोलोन्यात ऑगुस्तो रिगीने गोळे व्हॅसलीनच्या तेलात बुडवले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस अवघ्या काही मिलिमीटरच्या लहरींपर्यंत पोहोचले. आजच्या भाषेत ती साठ गिगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता. इंडक्शन कॉइलचा प्रवाह सतत तोडणाऱ्या, कंप पावणाऱ्या खंडकामुळे ठिणगीचे पृष्ठभाग लवकर खराब होतात, म्हणून बोसांनी तो काढून टाकला, प्लॅटिनमचे पृष्ठ वापरले आणि कळ दाबून एका प्रयोगाला एकच ठिणगी उडवायला सुरुवात केली. कोलकात्याच्या टाऊन हॉलमधल्या जाहीर प्रयोगात त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हीच उपकरणे मांडली.

गुलिएल्मो मार्कोनीने नेमकी उलटी वाट धरली. बोलोन्याजवळच्या घरी १८९५ साली त्याने रिगीच्याच धर्तीच्या गोळ्यांपासून सुरुवात केली. पण फटीची एक बाजू उंच टांगलेल्या तारेला आणि दुसरी जमिनीला जोडल्यावर संदेश कितीतरी लांब जातो, हे त्याला आढळले. उंच तार म्हणजे मोठे मंडल, म्हणून वारंवारता कमी आणि लहरी शेकडो मीटर लांबीच्या. मे १८९७ मध्ये ब्रिस्टॉल खाडीत लॅव्हरनॉक पॉइंट ते फ्लॅट होम बेट हे अंतर ओलांडले गेले आणि मार्च १८९९ मध्ये इंग्लिश खाडी.

या साध्या जोडणीत दोन दोष होते. एरियलची, म्हणजे त्या उंच तारेची, धारकता थोडी, त्यामुळे एका ठिणगीमागे साठणारी ऊर्जाही थोडी. शिवाय ठिणगी एरियलच्या वाटेतच बसलेली, म्हणून तिचा विरोध हेलकाव्यांना पाच-दहा फेऱ्यांतच गिळून टाकी. हिशेब मांडला तर गंमत दिसते. सेकंदाला शंभर ठिणग्या, प्रत्येकीत अगदी सढळ हाताने वीस हेलकावे आणि वारंवारता दहा लाख धरली, तर सेकंदातले फक्त दोन सहस्रांश एरियल बोलत असे आणि उरलेला सारा वेळ गप्प. शिवाय असा झटपट विरणारा हेलकावा एका वारंवारतेवर राहत नाही. तो आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यावर सांडतो.

स्ट्रासबुर्गच्या फर्डिनांड ब्राउनने १८९८-९९ मध्ये ठिणगी एरियलमधून बाहेर काढली. लेडन जार, वेटोळे आणि फट यांचे एक बंद मंडल, एरियलचे दुसरे मंडल आणि दोघांमध्ये ट्रान्सफॉर्मरसारखी चुंबकीय जोडणी. आता हव्या तेवढ्या बरण्या लावून ऊर्जा साठवता येई. ऑलिव्हर लॉजचे जुळवणीचे, म्हणजे मंडलांच्या वारंवारता एकमेकींशी मिळवण्याचे, पेटंट १८९७ चे, तर मार्कोनीचे गाजलेले ७७७७ क्रमांकाचे पेटंट १९०० चे. मार्कोनी आणि ब्राउन यांना १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

बंद मंडलाची ताकद दिसली ती कॉर्नवॉलमधल्या पोल्ढू इथे. जॉन अँब्रोझ फ्लेमिंगने आखलेल्या या केंद्रात २५ किलोवॉटचे जनित्र होते आणि दाब २०,००० व्होल्टपर्यंत चढवला जाई. एका ठिणगीच्या मंडलाने दुसरे मंडल भरायचे आणि दुसऱ्या ठिणगीने एरियल हलवायचे, अशी दोन टप्प्यांची योजना. वीस खांबांचे मूळ एरियल सप्टेंबर १९०१ च्या वादळात कोसळले, मग तात्पुरत्या तारांवर काम भागवले. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर पतंगाला बांधलेल्या तारेशी बसून मार्कोनीने मोर्सच्या ‘एस’ अक्षराचे तीन टिंब ऐकल्याचे सांगितले. त्याने खरोखर काय ऐकले याबद्दल अभ्यासकांनी पुढे शंका घेतल्या, पण केंद्रे उभारण्याची चढाओढ त्या दिवसापासून जोरात सुरू झाली.

शक्ती वाढवताच जुना पेच उफाळला. ठिणगी उडाली की फटीतली हवा तापते आणि आयनांनी भरून जाते. जनित्र मागून वीज पुरवत असतेच. मग ठिणगीच्या जागी एक जाड, पिवळसर ज्वाळ पेटून राहते. तिला आर्क म्हणतात. आर्क पेटला की कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, भरत नाही, दाब चढत नाही आणि हेलकावे बंद पडतात. गोळे मात्र वितळू लागतात. टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये यावर आधीच उपाय शोधले होते: चुंबकाने आर्क बाजूला फुंकून देणे, हवेचा झोत सोडणे, एका फटीचे अनेक लहान फटींत तुकडे करणे.

मार्कोनीने फटच फिरती केली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लिफडेन केंद्रातून १७ ऑक्टोबर १९०७ रोजी कॅनडातल्या ग्लेस बेशी व्यापारी सेवा सुरू झाली. तिथे बॉयलर परिसरातल्या दलदलीतून काढलेल्या पीटवर चालत. कंडेन्सरसाठी स्वतंत्र इमारत होती आणि तिच्यात लोखंडी पत्र्यांच्या रांगा टांगलेल्या, मधली हवा हेच विद्युतरोधक. ठिणगीसाठी वेगाने फिरणारी चकती, तिच्या कडेला तांब्याचे खुंट. खुंट स्थिर इलेक्ट्रोडसमोर आला की ठिणगी उडायची आणि तो पुढे सरकताच फट आपोआप रुंदावून ती तुटायची. चकतीच्या फिरण्याने हवाही थंड होई.

ठिणगी लवकर तुटली तरी पुरेशी लवकर तुटत नव्हती, आणि याचे कारण ब्राउनच्याच जोडणीत दडलेले होते. सारख्या वारंवारतेची दोन मंडले एकमेकांना जोडली की ऊर्जा पहिल्यातून दुसऱ्यात जाते आणि तिथून परत पहिल्यात येते. ठिणगीची वाट उघडी आहे तोवर ही ये-जा चालूच राहते. परिणामी एरियलमधून दोन वेगळ्या वारंवारता बाहेर पडतात आणि बरीचशी ऊर्जा ठिणगीतच जळते. घंटेवर टोला देऊन हातोडी तिथेच टेकवून ठेवावी, तसा हा प्रकार.

डान्झिगच्या माक्स वीनने १९०६ मध्ये दाखवले की फट अगदी बारीक असेल तर ठिणगी ऊर्जेच्या पहिल्याच फेरीत विझते. सारी ऊर्जा एरियलमध्ये पोहोचते त्या क्षणी पहिल्या मंडलात प्रवाह जवळजवळ शून्य असतो. धातूचे थंड पृष्ठभाग एकमेकांच्या अगदी जवळ असतील तर तेवढ्या अवधीत आयन नाहीसे होतात आणि वाट बंद होते. मग एरियल आपल्या एकाच वारंवारतेवर मोकळेपणी घुमत राहते. टेलिफुंकेन कंपनीने याचे यंत्र केले: चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या चकत्या एकावर एक रचायच्या, दोन चकत्यांमध्ये अभ्रकाची कडी आणि फट मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. अशा आठ-दहा फटी ओळीने बसवल्या की हवा तेवढा दाब झेलता येई. जुन्या ट्रान्समीटरमध्ये वाया जाणारी ऊर्जा आता निम्म्याहून अधिक एरियलपर्यंत जाऊ लागली. कानठळ्या बसवणारा कडकडाटही गेला.

ऐकणाऱ्याच्या बाजूलाही याच सुमारास बदल झाला. कोहिअरर या जुन्या ग्राहकाच्या कागदी पट्टीऐवजी क्रिस्टल डिटेक्टर आणि कानाला लावायचा टेलिफोन आला. सेकंदाला पन्नास-शंभर ठिणग्यांची खरखर आकाशातल्या विजांच्या खरखरीत मिसळून जाई. टेलिफुंकेनने ५०० आवर्तनांचे जनित्र लावून सेकंदाला हजार ठिणग्या काढल्या, तेव्हा कानात स्वच्छ शिट्टी ऐकू येऊ लागली. मार्कोनीची खुंटांची चकतीही असाच सूर देई. ‘टायटॅनिक’वर ५ किलोवॉटचा असाच चकतीचा संच होता आणि त्याच्या गोंगाटापासून ऑपरेटरला वाचवण्यासाठी यंत्रे वेगळ्या ध्वनिरोधक खोलीत ठेवलेली. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड यांनी त्याच संचावरून मदतीची हाक दिली आणि ‘कार्पेथिया’वरच्या हॅरल्ड कॉटमने ती ऐकली.

पट्ट्यावर सांडणाऱ्या लहरींचा त्रास तोवर सर्वांना कळला होता. जून १९०३ मध्ये फ्लेमिंग रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीच्या जुळवणीचे गुण सांगत असताना जादूगार नेव्हिल मॅस्केलिनने जवळच्या ट्रान्समीटरवरून फ्लेमिंगच्या उपकरणात ‘रॅट्स’ हा शब्द घुसवला होता. अमेरिकेने १९१२ च्या रेडिओ कायद्यात विरण्याच्या वेगालाच मर्यादा घातली. हेलकावा विरण्याचे माप, म्हणजे लॉगरिदमिक डिक्रिमेंट, ०.२ पेक्षा जास्त चालणार नाही. याचा अर्थ प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा फार तर १८ टक्क्यांनी लहान व्हावा, म्हणजे तो शंभरांशावर यायला किमान तेवीस हेलकावे लागावेत. याच कायद्याने संकटाच्या हाकेला मात्र मुद्दाम पसरट लहर वापरायची मुभा दिली, कारण ती जवळच्या प्रत्येक ग्राहकात घुसावी हाच हेतू.

पण विरणारी लहर कितीही सुधारली तरी विरणारीच. रेजिनल्ड फेसेंडनने डिसेंबर १९०० मध्ये सेकंदाला सुमारे दहा हजार ठिणग्या काढून मैलभर अंतरावर माणसाचा आवाज पोहोचवला. शब्द कळले, पण त्यांच्यामागे ठिणग्यांचा कर्कश आवाज होता. त्यानंतर तो अखंड लहरीच्या मागे लागला. डेन्मार्कच्या वाल्डेमार पाउल्सेनने १९०३ मध्ये आर्क विझवण्याऐवजी चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनयुक्त वायूत जळत ठेवला आणि त्यातूनच अखंड हेलकावे काढले. अलेक्झांडरसन या अभियंत्याने लाख आवर्तनांचे जनित्र बांधले. १९१३ नंतर निर्वात नळीने उरलेले काम सोपे केले. १९२७ मध्ये पुण्याजवळच्या खडकीतून इंग्लंडशी बीम वायरलेस सुरू झाले आणि दौंडला येणारे संदेश पकडले जाऊ लागले, तेव्हा त्या लघुलहरी नळ्यांतूनच निघत होत्या.

त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठिणगीला मुदत दिली. १९३० पासून जहाजांवर नवे मोठे संच बसवायचे नाहीत, जमिनीवरची केंद्रे १९३५ पर्यंत बंद करायची आणि १९४० पासून सर्वत्र बंदी. अपवाद एकच राहिला: ३०० वॉटपेक्षा कमी वीज घेणारे जहाजांवरचे छोटे संच. जनित्र बंद पडले तरी बॅटरीवर चालणारा आणि वारंवारता नीट जुळवलेली नसली तरी आसपासच्या जहाजांना ऐकू जाणारा ट्रान्समीटर खलाशांना अजून हवाच होता.