बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी
भारतातील निसर्गेतिहासाच्या अभ्यासास वाहिलेली एक जुनी व प्रख्यात संस्था. स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईस झाली. संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन महाराष्ट्रीय होते. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरणाऱ्या पहिल्या बैठकांनंतर, १८८४ मध्ये मद्यव्यापारी एच्. एम्. फिप्सन यांच्या दुकानातील जागेत संस्थेचा संग्रह हलविण्यात आला. संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले. १९६५ पासून संस्थेचे कार्यालय व संग्रह मुंबईतील ‘हॉर्नबिल हाउस’मध्ये आहेत. संग्रहात एक लाखाहून अधिक नमुने असून त्यांत निम्म्याच्या आसपास कीटक आहेत.

संस्थेने १९११ मध्ये भारत, ब्रह्मदेश व श्रीलंका येथील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. डब्ल्यू. एस्. मिलर्ड हे तिचे प्रवर्तक होत. या पाहणीचा पहिलाच अहवाल (१९१२) खानदेशासंबंधीचा असून तेथील नमुने सी. ए. क्रम्प यांनी गोळा केले होते.

अशा संग्रहांचे खरे मोल कातड्यापेक्षा त्यास बांधलेल्या चिठ्ठीत असते. रानपिंगळ्याचे (अथीनी ब्लेविटाय) उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णिलेल्या या लहानशा घुबडाचे जे मोजके नमुने उपलब्ध होते, त्यांपैकी बरेचसे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या दशकात खानदेशातील सातपुड्याच्या पायथ्याशी मिळविलेले होते. रिचर्ड माइनर्टझहागन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर मात्र १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याची नोंद होती. क्ष-किरण तपासणी व कातडे भरण्याची पद्धत यांवरून हा नमुना डेव्हिडसन यांचाच असून तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला असल्याचे पामेला रासमुसेन व एन्. जे. कॉलर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. या खोट्या नोंदीने पक्ष्याचा शोध अनेक वर्षे भलत्या प्रदेशाकडे वळविला होता. पाश्चात्त्य पक्षिशास्त्रात नावाजलेल्या व्यक्तीने असे करावे, ही खेदाची गोष्ट होय. खोट्या चिठ्ठ्या वगळून जुन्या विश्वसनीय नोंदींचा माग घेत गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ (आता नंदुरबार जिल्हा) रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा जिवंत दिसला. अखेरच्या खात्रीलायक नमुन्यानंतर ११३ वर्षे लोटली होती.

पुढे तोरणमाळ व मेळघाट येथे आणि जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही (स्था. १९६९) तो आढळला. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील यावलची जंगले शुष्क पानझडी असून त्यांत साग प्रमुख आहे. रानपिंगळा दिवसाही वावरतो व जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. त्यामुळे वृक्षतोड व शेतीसाठी होणारे अतिक्रमण हे त्याला मोठे धोके आहेत.