लॅब्राडोरचा नकाशा आणि हेब्रॉनची माणसे

'नकाशा' हा शब्द आपल्याकडे अरबी 'नक्श'वरून आला. नक्श म्हणजे कोरणे, चितारणे. कॅनडाच्या पूर्वेकडच्या लॅब्राडोर किनाऱ्याचे उत्तर टोक मात्र १९३० पर्यंत नीट चितारले गेले नव्हते. किनाऱ्यापासून आत गेले की कागद जवळपास कोराच. उन्हाळ्यातही धुके, समुद्रात हिमखंड आणि सरळ पाण्यातून उठलेले टोर्नगाट पर्वताचे कडे. तिथे साखळी ओढत मोजणी कोण करणार?

१९३१ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक अलेक्झांडर फोर्ब्ज जहाज आणि पाण्यावर उतरणारी विमाने घेऊन तिथे गेले. गंमत म्हणजे हे गृहस्थ भूगोलाचे नव्हेत, शरीरशास्त्राचे! सोबत नोएल ओडेल होते. १९२४ साली एव्हरेस्टवर मॅलरी आणि अर्विन यांना शेवटचे पाहिले, ते हेच. विमानातून कॅमेरा खाली न रोखता तिरका धरला. फोटोत क्षितिज दिसले की कॅमेरा किती कललेला होता ते काढता येते, आणि एकाच फोटोत मोठा मुलूख मावतो. जमिनीवर थिओडोलाइटने मोजलेल्या खुणांशी हे फोटो जुळवायची पद्धत अमेरिकन जिऑग्राफिकल सोसायटीच्या ओ. एम. मिलर यांनी बसवली. नकाशांसह पुस्तक निघाले १९३८ मध्ये. फोटो काढणे सोपे, खरे काम टेबलावरचे.

पण कोरा कागद कोणासाठी कोरा? इनुइट लोक त्या खाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सील मारत होते. 'टोर्नगाट' हे नावही त्यांचेच, अर्थ 'आत्म्यांची जागा'. फोटोत डोंगर येतो, त्याचे नाव येत नाही. ते माणसालाच विचारावे लागते.

त्याच किनाऱ्यावर मोरेव्हियन मिशनऱ्यांनी वसवलेले एक गाव होते, हेब्रॉन. आपण ज्याला अल-खलील म्हणतो, हजरत इब्राहीम (अलै.) यांचे शहर, त्याचेच हे नाव. नकाशा छापल्यावर २१ वर्षांनी, १९५९ मध्ये, हे गाव बंद करण्यात आले. निर्णय लोकांना चर्चमध्ये सांगितला गेला. तिथे उलट बोलायची त्यांची रीत नव्हती. माणसे दक्षिणेकडच्या वस्त्यांत पांगली. ज्या खाडीत शिकार कुठे मिळते हे आजोबांना पाठ होते, ती खाडीच सुटली.

२००५ मध्ये प्रांतिक सरकारने हेब्रॉनच्या लोकांची माफी मागितली. इनुइटांचे नुनात्सियावुत हे स्वशासनही त्याच वर्षी आले. हेब्रॉनची जुनी लाकडी मिशन-इमारत अजून किनाऱ्यावर उभी आहे. बारमाही वस्ती मात्र तिथे नाही.