कोरड्या घासणीची धूळ

लाकडावर नवा रंग देण्यापूर्वी जुना थर खरवडणे, भेगांत लांबी भरणे आणि पॉलिश पेपर मारून पृष्ठभाग एकसारखा करणे या कामाकडे रंगाच्या इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. वस्तुतः शिसेयुक्त रंगाविषयीचे अनेक वाद या पूर्वतयारीपाशीच येऊन थांबतात. युरोपीय तेलरंगाचा आधार असलेला सफेता, म्हणजे शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत आणि लिदीच्या उबेत महिनोन्‌महिने ठेवून मिळवलेली पांढरी भुकटी, जवसाच्या तेलात कालवली की लाकडाला घट्ट धरून राही आणि पाण्याला दाद देत नसे, त्यामुळे तिचे विषारीपण ठाऊक असूनही ती सोडवत नव्हती. मात्र ओल्या रंगातले शिसे तेलात बांधलेले असते, तर वाळलेला थर घासला की तेच शिसे धुळीच्या रूपाने रंगाऱ्याच्या श्वासात, हातांवर आणि हातांवरून जेवणात उतरते. असह्य पोटशूळ आणि मनगट लुळे पडणे ही त्या व्यवसायाची ओळखीची दुखणी होती.

पॅरिसमधील रंगकामाचा कंत्राटदार एद्म-झाँ लक्लेर याने 1840 च्या दशकात सफेत्याऐवजी जस्ताचा पांढरा रंग प्रचारात आणला, आणि फ्रान्सने 1909 मध्ये कायदा करून 1 जानेवारी 1915 पासून इमारतींच्या रंगकामात सफेता निषिद्ध ठरवला. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे तर घासणाऱ्या हाताचीही गरज उरली नव्हती: तेथील लाकडी घरांच्या व्हरांड्यांच्या कठड्यांवरचा रंग उन्हाने पिठूळ होऊन मुलांच्या बोटांना लागत असे, आणि मुलांमधील विषबाधेचे मूळ तेथे असल्याचे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 मध्ये मांडले.

1921 मध्ये जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने स्वीकारलेल्या करारात इमारतींच्या अंतर्भागात सफेता वापरण्यास, काही अपवाद ठेवून, मनाई करण्यात आली. जेथे वापर चालू राहणार होता तेथे कोरडे घासणे व खरवडणे यांतून उडणाऱ्या धुळीचा धोका शक्य तेथवर टाळण्याची अट घालण्यात आली. ब्रिटनने मात्र 1926 च्या कायद्याद्वारे आणि त्याखालील नियमांद्वारे शिसेयुक्त रंगावर सरसकट बंदी न घालता त्याच्या कोरड्या घासणीवर बंदी घातली, म्हणजे रंग तसाच ठेवून रंगाऱ्याने घासण्याची रीत तेवढी बदलावी, असा मार्ग पत्करला. ही तडजोड रंगाऱ्यापेक्षा सफेत्याला अधिक सोयीची होती, असेच म्हणावे लागते. ओल्या घासणीची अडचण अशी की, साधा घासकागद सरसाने चिकटवलेला असल्याने पाण्यात त्याचे कण सुटून येत. 1921 मध्येच अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने फ्रान्सिस ओकी यांच्या शोधावर आधारित जलरोधक घासकागद बाजारात आणला, तेव्हा ती अडचण दूर होण्याची वाट मोकळी झाली. या कागदाला मोठे गिऱ्हाईक मिळाले ते मात्र मोटारींच्या रंगकामात.

भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 मध्ये अधिसूचित होऊन 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. हे नियम नव्या रंगाच्या उत्पादनाला व विक्रीला बांधतात. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या सागवानी दारांवर थरावर थर चढलेला ऑइलपेंट त्यांच्या कक्षेत येत नाही, आणि तो आजही बहुधा कोरडाच घासला जातो.